लाल गोल, निळी फुली

(कानांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. कोपऱ्यात आवाज आत न शिरू देणारी छोटी केबिन, तिला काचेची खिडकी. खिडकीसमोर टेबल, त्यावर मशीन आणि कागद. एक म्हातारं जोडपं आणि तपासणारी तरुण मुलगी.)

काकू: म्हणून म्हणते पोरी, नीट बघ. वय झालं, वय झालं म्हणून वाटेला लावू नकोस.

तपासनीस: वाटेला कशाला लावीन काकू? तपासणी पूर्ण झाल्याशिवाय सोडणारच नाही तुम्हाला.

काका: ताई, तिचं मनावर घेऊ नका. ती भाजीवाल्यालाही असाच दम देते.

काकू: बघ! हे कसं बरोबर ऐकू आलं.

तपासनीस: काका, तुम्ही नोकरी कुठे करायचात?

काका: छापखान्यात. रोटरी मशीनवर, मशीनमन. ही तिथेच बाइंडिंगला. शाळेची पुस्तकं छापायचो. मी छापायची, हिनं शिवायची आणि पोरांनी फाडायची.

तपासनीस: आवाज खूप असायचा का?

काका: एक मशीन असली की आवाज म्हणतात. आमच्याकडे पाच होत्या. संध्याकाळी घरी आलो की शांततेनं डोकं दुखायचं.

तपासनीस: मग कानाला काही लावायचात?

काका: पेन्सिल लावायचो. कानावर.

काकू: हे असं बोलणं सगळं. सरळ उत्तर द्यायला काय पैसे पडतात?

तपासनीस: असू दे काकू. काका, त्रास काय होतो?

काका: मला? काहीच नाही. हिनं आणलं म्हणून आलो. म्हटलं, चला, तेवढंच फिरणं.

काकू: त्रास मला होतो. तो मी नंतर सांगेन. आधी यांना घाल त्या कपाटात.

तपासनीस: कपाट नाही हो, केबिन. काका, आत बसा. हे हेडफोन. हे बटण हातात धरा. कानात बारीक सूर वाजेल. आला न आला असं वाटलं तरी बटण दाबायचं. आणि तोंड भिंतीकडे करून बसायचं.

काका: का? शिक्षा?

तपासनीस: माझा हात मशीनवर हलताना दिसला की लोक अंदाजानं बटण दाबतात.

काका: म्हणजे कॉपी करतात. आपण जन्मभर पुस्तकं छापली ताई, कॉपी कधी केली नाही. पास व्हायला किती मार्क लागतात?

तपासनीस: यात पास-नापास काही नसतं.

काका: शाळेतही आधी असंच सांगतात, आणि मग वडलांना बोलावतात.

तपासनीस: जा आत! दार लावते हं.

काकू: लागलं का घट्ट? आता आपलं त्यांना ऐकू जातं?

तपासनीस: अजिबात नाही. हे बटण दाबून मी माइकमधून बोलले तरच त्यांना ऐकू जाईल. ते आतून बोलले तर मात्र आपल्याला ह्या स्पीकरमधून ऐकू येतं.

काकू: मग एक सांगते, हसू नकोस. यांचे कान खराब निघाले ना, तर मी तुला तोंडभरून आशीर्वाद देईन.

तपासनीस: अहो काकू! लोक कान चांगले निघावेत म्हणून येतात.

काकू: लोकांचं लोक बघतील.

तपासनीस: थांबा, सुरू करते. उजव्या कानापासून.

काकू: आणि हा कागद कसला? नुसत्या चौकटी चौकटी.

तपासनीस: कानाचा नकाशा समजा. डावीकडून उजवीकडे सूर बारीक होत जातो. ह्या टोकाला ढोल, त्या टोकाला पाखराची चिवचिव. आणि वरून खाली आवाज मोठा होत जातो. वर कुजबुज, मध्ये आपलं बोलणं, पार खाली मोटारीचा भोंगा. एकेक सूर वाजवायचा आणि काकांना ऐकू येणारा सगळ्यात लहान आवाज कुठे आहे, तिथे खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली.

काकू: आणि हा दिवा?

तपासनीस: त्यांनी बटण दाबलं की लागतो. बघा, लागला. आवाज कमी करते. परत लागला. आणखी कमी. नाही लागला. जरासा वाढवते. लागला! तर गोल इथे.

काकू: हा तर वर आला. कुजबुजीच्या शेजारी.

तपासनीस: हो. जाड सूर काकांना छान ऐकू येतात.

काकू: झालं! मला वाटलंच होतं. झोपलेल्याला उठवता येतं बाई, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

तपासनीस: कसलं सोंग?

काकू: अगं, सुनेचं ऐकू येतं. मुलाचं ऐकू येतं. दूधवाला दारात उभा राहून कालचं दूध नासलं का विचारतो, ते ऐकू येतं. शेजारचे आजोबा तर बोलतात का गुळण्या करतात कळत नाही, त्यांच्याशी तासभर गप्पा. ऐकू येत नाही ते एकटीचं. माझं.

तपासनीस: आणि फोनवर?

काकू: फोन वाजला की माझ्या हातात देतात. म्हणतात, तुझ्याच मैत्रिणीचा असेल. आळस, दुसरं काय! हे बघ, तुझा गोल खाली घसरला.

तपासनीस: हो. सूर बारीक झाला ना. हा पुढचा. नाही लागला. वाढवते. नाही. अजून वाढवते.

काकू: झोपले की काय?

तपासनीस: नाही, लागला. ह्याची खूण बरीच खाली.

काकू: खाली म्हणजे बरंच की! इतकं खालचं ऐकू येतं म्हणजे कान तिखटच म्हणायचे.

तपासनीस: उलटं आहे काकू. खाली म्हणजे मोठा आवाज. खूण खाली गेली याचा अर्थ एवढा मोठा आवाज केला तेव्हा कुठे त्यांना कळलं. हा नकाशा वरून वाचायचा. खूण जितकी वर, तितका कान चांगला.

काकू: म्हणजे खाली गेलेला बरा नाही?

तपासनीस: नाही.

काकू: मग जाऊ दे खाली. अडवू नकोस.

तपासनीस: काय बाई तुम्ही! आता डावा कान. निळी फुली. सुरुवात चांगली आहे. आणि हे बघा, मधूनच घसरगुंडी. हा सूर तर उजव्या कानापेक्षाही खाली.

काकू: मग यांना ऐकू येत नाही असं म्हणायचं का? सरळ सांग.

तपासनीस: आवाज ऐकू येतो. पण बोलण्यातली बारीक अक्षरं, स, श, फ, ख, ट, ती सगळी ह्या उतारावर येतात. कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही.

काकू: अगदी हेच! मी बोलले की आधी 'अं?', मग परत 'अं?', आणि तिसऱ्यांदा नुसती मान हलवतात. पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो.

तपासनीस: थांबा, अजून पक्कं नाही. आता शब्दांची परीक्षा. ती ह्या नकाशाशी जुळायला हवी. माइक सुरू करते. काका, ऐकू येतंय?

काका: येतंय, येतंय. झाली का परीक्षा?

तपासनीस: आता शब्द म्हणेन. ऐकायचे आणि जसेच्या तसे परत म्हणायचे.

काका: भिंतीलाच सांगू का? ताई, माणसाकडे पाठ करून बोलायची मला सवय नाही. खुर्ची फिरवतो जरा.

तपासनीस: फिरवा. आता हात बघून काही कळायचं नाही. साप.

काका: साप.

तपासनीस: काच.

काका: काच.

तपासनीस: फूल.

काका: फूल. ताई, जरा अवघड काढा.

तपासनीस: खाट.

काका: खाट.

काकू: हे काय गं? हे तर पोपटासारखे म्हणतायत.

तपासनीस: थांबा काकू. यादी मोठी आहे, पुरी करते. शीळ...

काका: शीळ.

तपासनीस: झाली यादी. एकही चुकला नाही.

काका: पहिला नंबर का?

तपासनीस: काका, जरा बसून राहा हं आत. मी माइक बंद करतेय. हे कसं काय? नकाशा सांगतोय निम्मे चुकतील, आणि इथे सगळेच्या सगळे बरोबर. मशीन बिघडली की माझी खूण चुकली? तीन महिनेच झालेत मला इथे लागून. मोठ्या बाईंना विचारावं लागेल.

काकू: नको विचारूस कुणाला. मला कळलं.

तपासनीस: काय कळलं? अहो काकू, तुम्ही रडताय का?

काकू: नाही गं. एका दुखण्यापासून ह्या डोळ्यातून पाणी येतंच मधूनमधून. आता येतंय ते त्याचं नाही, पण जाऊ दे.

तपासनीस: इकडे फिरा बघू. माझ्याकडे बघून सांगा. काय झालं?

काकू: दीड वर्षापूर्वीची गोष्ट. सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी तोंडातून एका बाजूनं सांडलं. आरशात बघते तर डावी बाजू पार उतरलेली. तोंडाला लकवा. डॉक्टर म्हणाले, बरं होईल, आणि झालंही बरंचसं. पण हे डावं टोक बघ. मी हसले की ते मागेच राहतं, रुसल्यासारखं.

तपासनीस: मला तर तुम्ही सांगेपर्यंत दिसलंच नव्हतं.

काकू: तू आज बघतेयस. यांनी आधीचं तोंड बघितलंय. आणि तेव्हापासून यांना माझं ऐकू येईनासं झालं, बरोबर तेव्हापासून. आधी माझा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. मी मनाची समजूत घातली, कान म्हातारे झाले असतील, होतात. म्हणून यांना इथे ओढत आणलं. म्हटलं, कान खराब निघाले की सुटले मी. पण कान चांगले असतील, तर मग राहिलं काय? वाकड्या तोंडाकडे रोज कोण बघणार? माझ्यावरून मन उडालं यांचं. स्वभाव चांगला म्हणून बोलून दाखवत नाहीत इतकंच.

काका: कुणाचं मन उडालं?

तपासनीस: अं?

काका: अगं, काय वेड्यासारखं बोलतेस त्या पोरीपुढे? मन उडायला मी काय कबूतर पाळलंय?

काकू: अगं बाई! हे ऐकतायत! तू म्हणालीस ऐकू जात नाही म्हणून!

तपासनीस: नाहीच जात! हे बघा, माइक बंद आहे. बटणावर माझा हातसुद्धा नाही. थांबा, सुरू करते. काका, काकूंचं बोलणं ऐकलंत तुम्ही?

काका: ऐकलं की. इतकं स्पष्ट कित्येक दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

तपासनीस: काय ऐकलंत?

काका: चूळ भरायला गेली, पाणी सांडलं, तिथपासून ते माझं मन उडालं इथपर्यंत.

तपासनीस: अहो, ह्या भिंती इतक्या जाड आहेत की बाहेर पत्र्याचं डबडं बडवलं तरी आत कळत नाही!

काकू: थांब पोरी. तुझं ते बटण बंद कर. केलंस? आता मी नुसते ओठ हलवते. आवाज काढणारच नाही. तू यांच्याकडे बघ.

काका: खिशात आहे. आणि तुझाही तिथेच आहे.

तपासनीस: काय खिशात आहे?

काकू: 'चष्मा कुठे ठेवलात' असं म्हणाले मी.

तपासनीस: पण तुम्ही काहीच नाही बोललात!

काकू: आमच्या छापखान्यात सगळे असेच बोलायचे. पाच मशिनी धडधडत असल्यावर ओरडून काय उपयोग, घसा फाटायचा नुसता. इकडून ओठ हलवायचे, तिकडच्यानं वाचायचे. भांडणंसुद्धा अशीच. लग्नाचं यांनी असंच विचारलं मला. हे मशीनपाशी, मी त्या टोकाला पुस्तकं शिवत बसलेली. सगळ्या खात्यानं वाचलं. मी हो म्हणायच्या आत फोरमन हो म्हणाला.

तपासनीस: आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

काकू: अगं, लक्षातच नाही राहिलं. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, घरी काय कुणी असं बोलतं? काचेपुढे बसून मी सगळं मन उघडं केलं आणि मलाच सुचू नये!

तपासनीस: तुमचं सोडा, चूक माझी आहे. शब्द म्हणताना तोंडापुढे कागद धरायचा, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यांनी खुर्ची फिरवली आणि मी विसरले. काका, माइक सुरू केलाय. परत एकदा शब्द. मी तोंड झाकतेय हं.

काका: झाका. आपल्याला काय.

तपासनीस: साप.

काका: ताप.

तपासनीस: काच.

काका: आज? नाही, परत म्हणा.

तपासनीस: परत नाही म्हणता येत. फूल.

काका: ऊल. असा शब्द आहे का?

तपासनीस: खाट.

काका: ताई, कागद काढा बघू. छपाई पुसट झालीय.

तपासनीस: पुसटच आहे काका. अजून थोडे राहिलेत. म्हणा तुम्ही, येतील तसे.

काकू: चुकतायत ना? भरपूर चुकतायत?

तपासनीस: निम्म्याहून जास्त. आता नकाशाशी जुळलं. झालं काका, या बाहेर. हेडफोन तिथेच ठेवा.

काका: ताई, खरं सांगा. मला ऐकू येत नाही?

तपासनीस: कमी येतं. आणि आजचं नाही हे, नोकरीत असल्यापासून होत आलेलं आहे. समोरच्याचे ओठ तुम्ही न कळत वाचता आणि तुम्हाला वाटतं, ऐकलं.

काका: म्हणजे हा एवढा काळ मी कॉपीच करत होतो.

तपासनीस: फार हुशारीनं करत होतात. फोनला मात्र ओठ नसतात.

काका: तो हिच्या मैत्रिणींचाच असतो पण.

तपासनीस: हा बघा तुमचा नकाशा. लाल रेघ उजव्या कानाची, निळी डाव्याची. इथपर्यंत दोन्ही बरोबर, इथून दोन्ही उतरल्या.

काका: आणि एकावर एक बसल्याही नाहीत. दोन रंगांची छपाई अशी सुटली असती तर फोरमननं कागदाचा सगळा रोल माझ्या अंगावर घातला असता. निळं खाली का एवढं?

तपासनीस: मशीन तुमच्या कुठल्या हाताला असायची?

काका: डाव्या.

तपासनीस: म्हणून डाव्या कानानं जास्त सोसलं. काकू, एक विचारू? घरी तुम्ही काकांच्या कुठल्या बाजूला बसता?

काकू: उजव्या. आधीपासून. नाही, नाही. आता डाव्या.

तपासनीस: आता म्हणजे?

काकू: म्हणजे आजारापासून. डावीकडे बसलं की माझा हा उजवा गाल यांच्याकडे येतो. तो चांगला आहे. झोपायची बाजूही बदलली मी, हळूच. जेवताना समोर बसायचे, ते आता शेजारी बसते. आणि बोलायचं ते ओट्याकडे तोंड करून बोलून टाकते, नाहीतर कपड्यांच्या घड्या करता करता.

तपासनीस: मग काकांना ऐकू कसं येणार? ओठ दिसत नाहीत, आणि वाट्याला आलाय तो वाईट कान.

काकू: म्हणजे मीच?

तपासनीस: तुमचा काय दोष काकू. तुम्हाला कुठे माहीत होतं?

काकू: आणि अहो, तुम्हाला काय झालं होतं? 'इकडे बघून बोल' म्हणायला तोंड शिवलं होतं का?

काका: कसा म्हणणार? मी बघितलं की तुझा हात गालावर जायचा. मग तू उठून जायचीस, काहीतरी विसरल्यासारखं करून. म्हटलं, हिला नकोय आपण बघायला. म्हणून बघायचं सोडलं.

काकू: माझ्यासाठी?

काका: मग काय शेजारच्या आजोबांसाठी?

काकू: आणि ते 'अं', 'अं'? आणि नुसती मान हलवणं?

काका: मला वाटलं, लकव्यानं तुझी जीभ जड झालीय. शब्द नीट निघत नाहीत तुझे. तिसऱ्यांदा 'काय' म्हणून विचारलं तर तुला लागेल. त्यापेक्षा मान हलवलेली बरी.

काकू: त्या मान हलवण्यानं तुम्ही काय काय कबूल केलंत, ठाऊक आहे का? माझी धाकटी बहीण महिनाभर राहून गेली, ती तुम्ही मान हलवलीत म्हणून!

काका: ती कशी आली ह्याचा तर मी महिनाभर विचार करत होतो!

तपासनीस: काका!

काका: चांगली बाई आहे हो. फक्त भिंतीकडे तोंड करून कधीच बोलत नाही. सगळं ऐकू येतं तिचं.

काकू: हसू नकोस पोरी, यांना चेव चढतो. अहो, पण मी किती काय काय मनात आणलं तुमच्याबद्दल. रात्र रात्र जागून काढलीय मी, तुमच्या शेजारी पडून. तुम्ही घोरताय आणि मी विचार करतेय की ह्या माणसाला आता मी नकोशी झाले.

काका: मला हलवायचंस.

काकू: हाका मारल्या की! दोनदा मारल्या.

काका: डाव्या बाजूनं?

काकू: हो. डाव्याच.

काका: मग त्या पोचल्याच नाहीत गं. आता त्याला मी काय करू? मला वाटायचं, ही शांत झोपलीय. निदान झोपेत तरी हिचं दुखणं हिला आठवत नसेल.

तपासनीस: मी पाणी आणू का काकू?

काकू: नको. बस तू. आता ह्याच्यावर उपाय सांग.

तपासनीस: दोन्ही कानांना यंत्र लागेल. हल्ली अगदी छोटी असतात, कानामागे बसतात. बारीक आवाज तेवढे वाढवून देतात. सुरुवातीला भांडी आदळली तरी दचकाल काका, मग सवय होते.

काका: यंत्र लावून फिरू? म्हातारा दिसेन.

काकू: आता काय राजकुमार दिसता? एक वाकडं तोंड आणि एक यंत्राचा कान. लावा, चांगला शोभेल जोडा.

काका: ऐकलंत ताई? आजारपणानंतर आज पहिल्यांदा तोंडाची चेष्टा केली हिनं. लावा ते यंत्र. दोन्ही कानांना लावा.

तपासनीस: लावू. पण एक लक्षात ठेवा, यंत्रानं सगळंच भरून येत नाही. ओठ दिसायला हवेतच. काकू, यापुढे बोलायचं ते समोरून, उजेडात, तोंड दाखवून.

काकू: तोंड दाखवून. आणि हे टोक मागे राहतं त्याचं काय? अर्धेच ओठ हलतात माझे. यांना वाचता तरी येणार का?

काका: मघाशी काचेपलीकडून वाचलं की. अर्ध्या ओळीवरून पुढचं पान सांगायचो मी छापखान्यात. तुझं तर सगळं पुस्तक पाठ आहे.

काकू: पुरे. मुलगी बसलीय समोर.

तपासनीस: मी कानाचा साचा घ्यायचं सामान आणते आतून. तोवर तुम्ही त्या बाकावर बसा दोघं. आणि काकू, तिथे नाही. काकांच्या उजव्या बाजूला.

काकू: उजवीकडे बसले तर माझी ही बाजू यांच्या तोंडासमोर येते गं.

काका: येऊ दे. दीड वर्षाची बघायची राहिलीय ती.

काकू: सरका मग.